एकट्याचा भात

आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ असे लिहितो. हात इतका सरावलेला असतो की लिहिताना विचारही करावा लागत नाही. त्या एका शब्दात आम्ही एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : या घरात दोन वेळा स्वयंपाक होतो आणि तो या माणसाच्या पानात पडतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत हे गृहीत मीही कधी तपासून पाहिले नव्हते.

आषाढातली सकाळ होती. त्या दिवसांत हेदवीला दशभुजा गणेशाच्या दर्शनासाठी येणारे पर्यटक तुरळक असतात आणि दवाखान्यात ताप-खोकल्याचे गावातलेच लोक असतात. शेजारच्या वाडीतल्या दोघांनी एका वृद्ध गृहस्थांना रिक्षातून आणले. अंगावरचा सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध. बरोबरच्यांना पक्षाघाताची शंका आली होती. बोटातून रक्ताचा थेंब काढून पाहिला, तर साखर ४६. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत त्यांनी मला ओळखले आणि “डॉक्टर, मी इथे कसा?” असे विचारले.

मधुमेहासाठी मीच त्यांना कित्येक वर्षे औषध देत होतो. वय ७६. आठ महिन्यांपूर्वी पत्नीचे निधन झाले होते, मुलगा मुंबईला. “काका, काल रात्री काय जेवलात?” असे मी विचारले. आधी ते “जेवलो की” म्हणाले. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, “चहा घेतला. दोन बिस्किटे खाल्ली.” दुपारी? दुपारी सकाळचा उरलेला पाव. आणि गोळी? “गोळी मात्र चुकवली नाही हो. ती चुकवू द्यायची नाही ना कधी.”

पत्नीने लावलेली गोळीची शिस्त घरात राहिली होती. त्या गोळीआधी ती जे पान वाढत असे, ते मात्र तिच्याबरोबर गेले. ती गेल्यानंतरच्या आठ महिन्यांत हे गृहस्थ तीनदा माझ्याकडे आले होते. तिन्ही वेळा मी रक्तदाब पाहिला, जुनीच चिठ्ठी पुढे चालवली आणि ‘जेवणाआधी’ हा शब्द पुन्हा लिहिला. स्वयंपाक आता कोण करते, हे विचारले नाही. ही चूक माझी होती, आणि ती कबूल करून मगच पुढचे सांगणे योग्य.

आधी थोडे औषधाविषयी. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्यांनी साखर अशी कोसळत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने तसे क्वचितच घडते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आले आहे की नाही, हे त्या पाहत नाहीत. अन्न नसेल तर ते इन्सुलिन रक्तात आहे तीच साखर खाली ओढते. वय वाढले, मूत्रपिंडे मंदावली की या गोळ्यांचा अंमल अधिक वेळ टिकतो. म्हणून साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते. काकांनाही मी त्याच दिवशी चिपळूणला पाठवून रात्रभर देखरेखीखाली ठेवायला सांगितले, आणि नंतर संध्याकाळची गोळी बंद केली.

तुमच्या घरी कोणी अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर एवढे लक्षात ठेवा. अचानक घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटल्यावर जेवण द्या, आणि तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका किंवा वाढवूही नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काकांच्या घरी अन्नाची वाण नव्हती. घरच्या शेतातला तांदूळ होता, मुलगा दरमहा पैसे पाठवत होता, परसात नारळ होते. नव्हते ते फक्त शिजवणारे माणूस. कणगी भरलेली आणि घरधनी उपाशी, अशी ही स्थिती. कोकणातल्या वाड्यावाड्यांतून आज अशी घरे आहेत. चाकरमानी मुंबई-पुण्याला, गणपतीत आणि शिमग्याला घर भरते, आणि उरलेले वर्षभर त्या घरात एक किंवा दोन वृद्ध माणसे दिवा लावतात. शहरात डबा मिळतो. इथे पावसात वाडीपर्यंत डबा कोण पोहोचवणार?

आणि हा प्रश्न केवळ पुरुषांचा आहे असे समजू नका. जन्मभर वीस-वीस माणसांचे रांधलेली बाई एकटी राहिली की “एकटीसाठी काय करत बसायचे” म्हणून चहा-पोह्यावर दिवस काढते. तिला स्वयंपाक येत नाही असे नव्हे. एका माणसासाठी चूल पेटवण्याचा उत्साह तिच्यापाशी उरलेला नसतो. अशा स्त्रियांचे वजन हळूहळू उतरते, हिमोग्लोबिन कमी होते, तोल जाऊन पडणे वाढते. आम्ही त्याला वयाचा परिणाम म्हणतो. पुष्कळदा तो न शिजलेल्या जेवणाचा परिणाम असतो.

काकांच्या मुलाने त्यांना मुंबईला नेण्याचा आग्रह केला. घराला कुलूप लावायचे नाही, यावर ते ठाम होते. तेव्हा मी मुलाला सुचवले, लहानसा विजेवरचा राइस कुकर आणा. सुचवल्यावर माझ्या लक्षात आले की पन्नाशी उलटून गेली तरी मी स्वतः आयुष्यात कधी भात लावलेला नाही. म्हणून तसलाच एक कुकर आधी माझ्यासाठी आणला आणि आठवडाभर दवाखान्याच्या मागच्या खोलीत दुपारचा भात स्वतः केला. पहिल्या दिवशी भांडे वाजवीपेक्षा जास्त भरले, पेज उतू जाऊन टेबलावर पसरली. तिसऱ्या दिवसापासून जमले. पुढे जे लिहितो आहे, त्यातले बरेचसे त्या आठवड्यात शिकलेले आहे.

हे यंत्र तसे जुने आहे. घरगुती वापराचा पहिला यशस्वी स्वयंचलित राइस कुकर जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली बाजारात आणला. तो घडवणारे योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हा पुन्हा भात शिजवून त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. एका गृहिणीचे हे कष्ट त्या यंत्रामागे आहेत. आजच्या साध्या कुकरची रचना अगदी सोपी आहे. भांड्यात पाणी असेपर्यंत उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. तांदळाने पाणी शोषून घेतले, उरलेले वाफ होऊन गेले, की भांड्याचा तळ त्याहून तापू लागतो. तळाशी असलेल्या चुंबकाचे बळ त्या उष्णतेला नाहीसे होते, स्प्रिंग सुटते आणि बटण खटकन वर येते. शिजवणे आपोआप थांबते.

“घरात शिट्टीचा कुकर असताना हा आणखी कशाला?” असे तुम्ही विचाराल. तरुण माणसाला नकोच. पण ज्याला शिट्ट्या नीट ऐकू येत नाहीत, संधिवाताने ज्याच्या बोटांना झाकण फिरवता येत नाही, गॅस बंद केला की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी ज्योत नसलेले आणि आपोआप थांबणारे भांडे ही मोठी सोय आहे. पदराने किंवा पंचाने पेट घेण्याची भीती नाही, चुलीचा धूरही नाही. अर्थात वाफ असतेच. झाकणाच्या भोकावर हात धरू नये, आणि झाकण आपल्यापासून दूर तिरपे करून उघडावे.

घेताना लहानच घ्या. एका-दोघांसाठी अर्धा ते एक लिटरचा पुरे. असा साधा कुकर साधारण हजार ते दोन हजार रुपयांत मिळतो. मोठा घेतला की ‘होऊ दे संध्याकाळसाठीही’ असे म्हणत भात जास्त लावला जातो. त्यातून काय होते ते पुढे सांगतो. ४०० वॉटचा कुकर अर्धा तास चालला तर विजेचे पाव युनिटही जळत नाही. भांड्याच्या आत लेप असेल तर लाकडी किंवा सोबतचा प्लास्टिकचाच डाव वापरावा. भांडे साध्या अॅल्युमिनियमचे असेल तर कोकम, चिंच, टोमॅटो असे आंबट पदार्थ त्यात शिजवू नयेत. कोकमाचे सार वेगळ्या स्टीलच्या पातेल्यात करावे.

आता माप. कुकरसोबत मिळणारे माप साधारण १८० मिलिलिटरचे असते आणि त्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतो. ते एका वेळचे एकाचे माप नव्हे. एका माणसाला एका वेळी अर्धे माप तांदूळ पुष्कळ झाला. साध्या भाताला तांदळाच्या दुप्पट पाणी, जुन्या तांदळाला थोडे अधिक. उकडा तांदूळ आधी तासभर भिजवून तिप्पट पाण्यात लावावा. दात नसतील किंवा आजारातून उठलेले माणूस असेल, तर चौपट-पाचपट पाणी घालून गुरगुट्या भात करावा. त्यावर चमचाभर तूप आणि मेतकूट. पेजेला आठपट पाणी लागते. पातळ पदार्थ करताना भांडे निम्म्याहून जास्त भरू नये. बटण वर आले की लगेच झाकण उघडू नका, दहा मिनिटे मुरू द्या. एक फायदा सहज पदरात पडतो. भात वेळून पाणी फेकले की ब गटातली काही जीवनसत्त्वे त्यासोबत जातात. इथे ते पाणी भातातच जिरते.

मात्र नुसता भात म्हणजे जेवण नव्हे, हे मधुमेह्याने तर कधीच विसरू नये. अर्धे माप नुसत्या तांदळातून जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याऐवजी पाव माप तांदूळ आणि पाव माप मूगडाळ घेतली तर सुमारे ११ ग्रॅम मिळतात, आणि भातातले जे प्रथिन उणे असते ते डाळ भरून काढते. याच भांड्यात दुधी, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, पालक यांतले जे असेल ते चिरून टाकावे, हळद आणि जिरे घालावे. स्वयंपाक न येणाऱ्या माणसालाही हे पहिल्या आठवड्यात जमते. खाणाऱ्यांनी सोबत उकडलेले अंडे किंवा मासळी घ्यावी. कुळथाचे पीठ घरात असेल तर भाताबरोबर पिठी करावी. कोकणाने प्रथिनांची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. लोणचे आणि पापड यांवर मात्र रक्तदाबवाल्यांनी हात आखडता घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आता उरलेल्या भाताविषयी. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात, आणि ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजलेला भात तासन्तास कोमट राहिला की ती रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भात पुन्हा गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही, म्हणून ‘गरम करून खाल्ला’ हे उत्तर इथे चालत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत हा धोका अधिक. बटण वर आल्यावर कुकर भात गरम राखतो, पण स्वस्त कुकरात ती उष्णता ६० अंशांच्या वर टिकेलच असे नाही. आणि वीज गेली की बंद झाकणाखालचा कोमट भात जिवाणूंना फार सोयीचा. म्हणून नियम सोपा ठेवा. एका वेळेपुरता भात लावा आणि तासाभरात जेवा. उरलाच तर ताटलीत पसरून निववा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. फ्रिज नसेल तर उरेल इतका करूच नका. रात्रीचा भात रात्री वेगळा लावायला यंत्राला कंटाळा येत नाही.

दुसरा धोका विजेचा. जुन्या घरांतून दोन पिनांची बटणे आणि अर्थिंग नसलेली जोडणी अजून आढळते. पावसाळ्यात भिंतींना ओल असते. कुकर घेण्याआधी जाणत्या वायरमनला बोलावून तीन पिनांचा सॉकेट, चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे स्विच बसवून घ्या. हा खर्च कुकरपेक्षा जास्त झाला तरी टाळू नका. कुकरचे आतले भांडे बाहेर काढूनच तांदूळ आणि पाणी घाला. त्याचा तळ कोरडा पुसून मगच ते आत बसवा. तळाखाली एखादे शीत अडकले तर बटण वेळेवर सुटत नाही. बाहेरचा भाग कधीही पाण्यात बुडवू नका, ओल्या हाताने बटणाला हात लावू नका, प्लग काढूनच पुसा.

आणि गॅसची शेगडी मोडीत काढू नका. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावे बरेच दिवस विजेवाचून होती. अशा दिवसांसाठी घरात लाह्या, सातूचे पीठ, खजूर, भाजलेले शेंगदाणे असावेत. आणि वीज नसताना गोळीचे काय करायचे, हे पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

ज्यांना विस्मरण बरेच वाढले आहे, त्यांच्या हाती हे यंत्रही एकट्याने देऊ नये. तिथे माणूसच हवे.

काकांसाठी आम्ही एक नियम घातला : ताट समोर आल्याशिवाय गोळी तोंडात नाही. मुलगा चार दिवस राहून मापाची वाटी, पाण्याची खूण आणि खिचडीची कृती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावून गेला. शेजारच्या वहिनी मधूनमधून आमटी आणून देतात. त्यानंतर त्यांची साखर तशी घसरलेली नाही आणि वजन दोन किलोंनी वाढले आहे. परवा आले तेव्हा तक्रार केली, “भात होतो चांगला, पण तिच्यासारखा नाही होत.” त्यावर माझ्यापाशी काही उपाय नव्हता. मी त्यांना थोडा वेळ बसवून घेतले, एवढेच.

आता मी गोळी लिहिण्याआधी प्रत्येक वृद्ध रुग्णाला विचारतो, “घरी स्वयंपाक कोण करते?” तुम्हालाही एक विनंती आहे. गावी राहणाऱ्या आई-वडिलांना तुम्ही फोनवर “जेवलात का?” असे विचारता, आणि तुम्हाला काळजी नको म्हणून ते “हो” म्हणतात. आज रात्री फोन कराल तेव्हा “काय जेवलात?” असे विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर पुढच्या खेपेला गावी जाताना तो लहानसा कुकर बरोबर न्या, चार दिवस थांबा, आणि पहिला भात त्यांच्याकडून स्वतःच्या देखरेखीखाली लावून घ्या.